जीव वागरीत पडला

परवा दुपारी परसातल्या दोरीवरची डबल चादर काढायला गेले आणि नेमका तेव्हाच वारा सुटला. एका टोकाचा चिमटा काढला, दुसऱ्याला हात घालायच्या आत चादरीनं फडाड करून माझ्या तोंडावर झेप घेतली. चष्मा गेला, डोक्यावरचा पदर गेला, आणि मी पंचाहत्तरी गाठलेली म्हातारी आंधळी कोशिंबीर खेळत असल्यासारखी हात पसरून उभी. जितकी ओढावी तितकी ती जास्त गुंडाळायची. आतून सुनंदा, माझ्या भाच्याची बायको, धावत आली. "अहो आत्याबाई, ओढताय काय? सोडा! सोडून द्या ना ती!" ती ओरडत होती आणि मी चादरीच्या आत खुदुखुदू हसत होते. हेच वाक्य मी एकदा माझ्या बापाला ओरडून सांगितलं होतं. पाण्यावर. माझं सगळं आयुष्य त्या एका वाक्याला टांगलेलं होतं.

मार्च आला की भोरच्या आमच्या आळीत दर दोन घरांआड एक दहावीचं पोर असतं. दिवसभर पुटपुट चालते. टीव्हीवर चादर पडते, रेडिओचा कान पिळला जातो, आया दबक्या पावलांनी चालतात. आमच्या घरात यंदा सुनंदाची मीनल बसलीय. ती व्याकरणाचं पुस्तक घेऊन फेऱ्या घालते आणि सुनंदा दुधाचा पेला घेऊन तिच्या मागं. चष्मा शोधून मी ओट्यावर टेकले तर मीनल म्हणाली, "आत्याआजी, 'जीव भांड्यात पडणे'. वाक्यात उपयोग सांग पटकन."

मी म्हणाले, "शीड उतरलं आणि आमचा जीव वागरीत पडला."

"वागरीत? भांड्यात गं!"

आता हिला काय सांगायचं? तीस-पस्तीस वर्षं मुलांना हा वाक्प्रचार शिकवला, भांडंच शिकवलं. पण स्वतःचा जीव सुटतो तेव्हा तो कधी भांड्यात पडत नाही. वागरीतच पडतो. वागर म्हणजे धनगरांची जाळी. खुंट्या ठोकून गोल उभी करतात आणि मेंढरं आत कोंडतात. त्या जाळीचा आणि शिडाचा काय संबंध, हे भोर-वेल्ह्याच्या बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. आतल्यालाही आता पटत नाही म्हणा.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आमची वाडी भाटघरच्या धरणाच्या उत्तर काठाला. धरण भरलं तेव्हा आमची नदीकाठची जमीन पाण्याखाली गेली आणि वाडी घोंगड्या-भांड्यांसकट वर डोंगराच्या कुशीला सरकली. आबा, माझे वडील, अख्खा जन्म बैलांच्या मागं चाललेले. त्यांना धरणाच्या हपिसानं नावेवर घेतलं. नाव मुळात कुणा गोऱ्या साहेबाची, हौसेची. एक डोलकाठी, तिच्या पायथ्याशी जोडलेली एक आडवी काठी आणि त्या दोहोंमध्ये ताणलेलं मोठं तिकोनी शीड. साहेब बदलून गेला, नाव राहिली, आणि मग ती आमच्या काठची माणसं, शेळ्या, पाट्या, कोंबड्या भाटघरच्या धक्क्यावर न्यायला-आणायला लागली. नाव चालवायला गोविंद तांडेल नावाचा हर्णैकडचा खलाशी होता. आबा त्याच्या हाताखाली.

आबांची गंमत अशी की त्यांना धरण कधी दिसलंच नाही. त्यांना खालची जमीन दिसायची. वर निळं पाणी पसरलेलं आणि हे सांगणार, "आता आपून पाटलाच्या मळ्यावरनं चाललोय. ही चिंच. हितं आपलं खळं." लोक हसायचे. मार्चमध्ये पाणी उतरायला लागलं की आबांचं खरं व्हायचं. ओल्या गाळाचा तो थंड, जुनाट वास सुटायचा, काठाला भेगा पडायच्या, त्या भेगांत लोक काकड्या-कलिंगडं लावायचे, आणि आबांनी सांगितलेल्या जागी खरोखरच एखादा बांध, एखादं आंब्याचं काळं खोड पाण्यातनं डोकं वर काढायचं. आमच्या धक्क्याच्या तोंडाशी असं एक खोड होतं. आबांच्या आज्यानं लावलेला आंबा. पन्नास वर्षं सावली दिली आणि आता नावेच्या बुडाला घोर लावून बसला होता. तिथं शीड वेळेवर उतरलंच पाहिजे, नाहीतर नाव त्याच्यावर.

आणि मी? मी वीस वर्षांची, कपाळ पांढरं. लग्न झालं, दीड वर्षात तापानं नवरा गेला, माहेरी आले. त्याचा चेहरासुद्धा मला नीट आठवत नाही, खोटं कशाला बोलू. गावच्या गुरुजींच्या मागं लागून मी बाहेरून फायनलचा अभ्यास केला होता. मराठी सातवीची ती परीक्षा. पास झालं की मास्तरीण होता यायचं. परीक्षा भोरला, तीन दिवस. थोरला भाऊ, दादा, वाईट माणूस नव्हता, पण त्याला माझी काळजी फार आणि काळजी करणाऱ्या माणसाइतका जाच कुणाचा नसतो. त्यानं वेल्ह्याकडचं एक बिजवराचं स्थळ बघून ठेवलं होतं. तीन पोरं पदरात. दादा म्हणाला, "बस परीक्षेला. पण रोज दिस बुडायच्या आत घरात. परक्या गावात ऱ्हायाचं न्हाई. आन नापास झालीस तर वैशाखात पाट लावायचा, मंग कुरकुर नको." म्हणजे नाव चालली तर मी मास्तरीण, नाही चालली तर तीन पोरांची आई. डोंगराच्या वाटेनं एका दिवसात भोर गाठून परत येणं माणसाचं काम नव्हतं.

नाव चालेल यात कुणाला शंका नव्हती. पण शिमगा आला. कोकणातला माणूस जगाच्या टोकाला असला तरी शिमग्याला घरी जातो. गोविंद तांडेल म्हणाला, "पंचमी झाली की आलोच," आणि गेला. पंचमी झाली. तांडेल काही आला नाही.

मग आबा एकटेच. तांडेल त्यांना वर्षभर एकच गोष्ट शिकवत होता आणि तीच आबांच्या हाताला कळत नव्हती. बैल उधळला तर काय करायचं? कासरा ओढायचा. घट्ट. जन्मभर हाताला तेच माहीत. नाव उधळली की आबा शिडाचा दोर तसाच ओढायचे, वर "हो! हो!" करायचे. आणि दोर ओढला की शीड आणखी वारा खायचं, नाव एका कुशीवर व्हायची आणि चौखूर सुटायची. तांडेल कपाळाला हात लावायचा. "आबा, वारा म्हंजे काय तुमचा बैल नाय! थांबवायची तर दोर सोडा. सोडा म्हणजे थांबते." आबा मान डोलवायचे. पुढच्या झोताला पुन्हा ओढायचे. मला तेव्हा हसू यायचं. हसू नये ते.

पंचमीनंतर चार दिवसांनी मी भोरला जाऊन परीक्षेच्या नंबराची चिठ्ठी घेऊन आले. परतीला नावेत सहा माणसं आणि एक शेळी. शेळी बायजाबाईची. बायजाबाई म्हणजे वरच्या धनगरवाड्याची, उंच, हाताला कडी, तोंडाला लगाम नाही. दुपार कलली होती. पश्चिमेचा वारा खिंडीतून उतरला आणि नावेनं पळ काढला. आबांनी दोर ओढला. नाव आणखी पळाली. "हो! हो राजा!" आबांचा आवाज फाटला. समोर आंब्याचं खोड. आता शीड पाडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, म्हणून त्यांनी घाबरून शीड चढवायचा दोर एकदम सोडला.

बापरे! शीड एवढं मोठं असतं हे ते अंगावर पडल्याखेरीज कळत नाही. अर्धं पाण्यात गेलं, अर्धं आमच्यावर. अंधार झाला. ओल्या कापडाचा, तेलाचा, कुबट वास. खाली सगळ्यांची धडपड, एक म्हातारी एकवीरेचा धावा करतेय, शेळी ओरडतेय, आणि आबांना काहीच दिसत नाही कारण त्यांच्या डोक्यावरही तेच. नाव खोडाला घासून गेली आणि आमच्याच बुडालेल्या शेताच्या बांधावर जाऊन धडकली. आबा शिडाखालून म्हणाले, "आपला बांध." तेवढ्यातही.

कुणाला काही झालं नाही. म्हातारीचं कोपर खरचटलं. आणि माझ्या हातातल्या चिठ्ठीचा कोपरा शेळीनं खाल्ला. मी तिच्या तोंडातून ती ओढून काढली तेव्हा पहिल्यांदा रडले. नंबर शाबूत होता.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर आला. गावात त्याला ओवरशेर म्हणत. छत्रीवाला, हाडकुळा, बोलणं मोजकं. त्यानं नाव बघितली, बांध बघितला आणि म्हणाला, "तांडेल येईपर्यंत नाव बांधून ठेवा. नाहीतर हे शीड नीट, एका दमात, कुणाच्या अंगावर न पाडता उतरवून दाखवा. मी स्वतः नावेत बसतो. मग माणसं घ्या." आबांनी विचारलं, वल्ह्यांनी नेली तर? तो म्हणाला, "दुपारच्या वाऱ्यात हे धूड एकटे वल्हवाल? बुडवाल." खरंच होतं ते. परीक्षेला सहा दिवस राहिले होते.

त्या संध्याकाळी आबा काठावर नावेला पाठ टेकून बसले होते. मी शेजारी. माझ्या मनात काय आलं ते सांगते, कारण आता लाज वाटायचं वय सरलं. मला आबांचा राग आला. एवढंसं काम, दोर सोडायचं, आणि ते त्यांना येईना. त्यापायी माझा जन्म जायचा. मी तसं बोलले नाही, पण माझा राग त्यांना कळला होता, कारण ते आपल्याच तळव्यांकडं बघत बसले होते. कासऱ्यानं घट्टे पडलेले तळवे.

तेवढ्यात बायजाबाई शेळी घेऊन आली. ती रागावलेली नव्हती, उलट तिला फार मजा वाटली होती. पडलेल्या शिडाला पायानं ढोसत म्हणाली, "आबा, येक इचारू? तुमी मेंढरं मोकळी सोडून मंग गोळा करता व्हय?"

"काय?"

"आमी आदी वागर लावतो. मंग मेंढरं सोडतो. ती जात्यात कुठं? आतच. तुमी आदी सोडता, मंग डोस्कं झाकून बसता!" आणि ती खो खो हसली.

आबा हसले नाहीत. ते उठून उभे राहिले. शिडाकडं बघितलं, डोलकाठीकडं बघितलं, मग आडव्या काठीकडं. "यसे," मला म्हणाले, "वागर लावायची. शिडाला."

पहिल्यांदा आम्ही अक्षरशः वागरच लावली. बायजाबाईनं वाकाच्या, म्हणजे घायपाताच्या धाग्यांच्या, जाळीचा एक तुकडा आणून दिला, तो आडव्या काठीच्या दोन्ही अंगांना उभा केला. शीड खाली आलं, त्याचा कोपरा जाळीच्या डोळ्यात अडकला तो अडकलाच. वर चढवायला गेलो तर आणखी फसला. जाळी फाडून काढावी लागली. बायजाबाई म्हणाली, "जाळी मेंढराला. ह्याला नुसत्या दोऱ्या बास. ह्यो काय उडी मारून पळतोय?"

मग नुसत्या दोऱ्या. डोलकाठी उपटून काठावर आडवी घातली. तिच्या मध्याच्या थोडं वर दोन्ही अंगांना घायपाताच्या वाकाचे दोर बांधले. प्रत्येक दोर खाली येताना तीन फाट्यांत फुटायचा आणि आडव्या काठीला तीन ठिकाणी बांधला जायचा. तिथं काठीला आधीपासूनच पितळी कड्या होत्या, दोन्ही अंगांना तीन-तीन. त्या कशाला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आबा त्यातल्या एकीला भाकरीचं फडकं अडकवायचे. तर शीड या दोन दोरांच्या मधून वर चढायचं आणि सोडलं की मधूनच खाली घसरून काठीवर घड्या पडून बसायचं. दोर फार ताणले तर शिडाला वारा भरू देईनात, फार ढिले केले तर शीड बाजूनं निसटे. चार दिवस बांधा-सोडा, बांधा-सोडा. हाताला वाकाची कुसळं. मी एका हातात भूगोल धरून दुसऱ्या हातानं गाठी मारायची. आजही नद्यांची नावं म्हणताना माझ्या नाकाला वाकाचा हिरवा, उग्र वास येतो.

दोर झाले. पण शीड सोडणार कोण? ते आबांनीच करायचं होतं. आणि त्याआधी नावेचं तोंड वाऱ्याकडं वळवायचं, हे तांडेलानं सांगून ठेवलेलं. पाऊस-वारा आला की जनावर पाठ फिरवतं. नावेनं तोंड द्यायचं, म्हणजे शीड रिकामं होतं. एकट्या माणसाला दोन्ही जमेना. मग सुकाणू मी धरलं. काठावरच्या बायांनी तोंडाला पदर लावले. लावू देत.

ओव्हरसियर आला. छत्री काखेत, नावेच्या मधोमध बसला. माझ्याकडं बघून भुवया चढवल्या. "ही कोण?"

"माजी लेक. फायनलला बसनार हाय."

निघालो. जाताना वारा गुणी होता. परत फिरलो आणि खिंडीतून तोच झोत आला. पाणी काळं पडत आमच्याकडं धावत येताना दिसलं. नाव कलली, ओव्हरसियरनं छत्री घट्ट धरली. आणि आबांनी दोर ओढला. मला त्यांच्या मनगटाच्या शिरा दिसत होत्या. त्यांना सगळं कळत होतं, हाताला तेवढं कळत नव्हतं. आंब्याचं खोड वीस हातांवर. मी सुकाणू सगळ्या अंगानं दाबलं, नावेचं तोंड फिरायला लागलं. आमच्या घरात तोवर कुणा मुलीनं बापाला हुकूम केला नव्हता.

"आबा, सोडा!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"सोडा, आबा! जातंय कुठं ते? खाली वागर हाय!"

आणि त्यांनी सोडलं. ओढायचा आणि चढवायचा, दोन्ही दोर. सर्रर्र आवाज झाला, धान्याच्या पोत्याचं तोंड उसवावं तसा, आणि ते सगळं मोठं पांढरं कापड घडीवर घडी पडत काठीवर येऊन बसलं. कुणाच्या अंगावर नाही, पाण्यात नाही. दोरांच्या मधोमध, शहाण्या मेंढरासारखं. वारा तसाच वाहत होता, पण त्याला आता धरायला काही नव्हतं. नाव थांबली. एकदम इतकं शांत झालं की बुडाला लागणारं पाणी चुबुकचुबुक ऐकू यायला लागलं. खोड हाताच्या अंतरावर होतं. आबांनी त्याच्यावर हात टेकला, नातेवाईकाच्या खांद्यावर टेकावा तसा, आणि घाम पुसत म्हणाले, "यसे, जीव वागरीत पडला गं."

मी इतकी हसले, इतकी रडले की ओव्हरसियरला काय करावं कळेना. ऊन नव्हतं तरी त्यानं छत्री उघडली. काठावर उतरल्यावर म्हणाला, "उद्यापासून नाव सुरू. आणि मुलीला सुकाण्यावर बसवू नका." चार पावलं गेला, वळला. "परीक्षा होईपर्यंत बसवा."

परीक्षेचे ते तीन दिवस मला पेपरांपेक्षा वाटेनं जास्त आठवतात. पहाटेचं पाणी राखेच्या रंगाचं, वारा नावापुरता. भाटघरला उतरलं की अडीच कोस पायी. वाटेला काटेसावर लाल फुलून खाली सडा पडलेला. पहिल्या पेपराला चिठ्ठी दाखवली तर तिथल्या मास्तरांनी विचारलं, कोपरा कुठं गेला? मी म्हणाले, शेळीनं खाल्ला. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "बसा." मग टाक इतका घट्ट धरला की पहिल्याच ओळीवर शाईचा हा एवढा डाग पडला. मी माझ्या बोटांकडं बघितलं. ती आबांची बोटं होती. जरा ढिली केली आणि मग लिहीत गेले. गणित अवघड होतं. दोन हिशोब चुकले, ते मला नावेत आल्यावर कळलं, आणि आबा म्हणाले, "जाऊ दे, आता सुटलं त्ये सुटलं." तीनही दिवस दिस बुडायच्या आत घरी आले. दादा अंगणात उभा असायचा. मला बघून आत जायचा आणि त्याच्या चालण्यावरून कळायचं की त्याचाही जीव खाली बसला.

शेवटच्या दिवशी परतीला भाटघरच्या धक्क्यावर गोविंद तांडेल गाठोडं घेऊन उभा. सुक्या मासळीचा घमघमाट. आबांनी शीड कसं उतरवलं ते त्यानं काठावरून बघितलं होतं. तो नावेत आला, दोर चाचपले, कड्या चाचपल्या आणि कपाळावर हात मारून मटकन खाली बसला.

"अरे देवा! ह्याच्यासाठी होत्या व्हय त्या कड्या!"

मग कळलं. साहेबानं नाव सोडली तेव्हा तिच्यावर अगदी असेच दोर होते. तांडेलाला वाटलं, निशाणं लावायची साहेबी नटवानटव असणार. कोकणातल्या त्यांच्या गलबतांवर असलं काही नसायचं. म्हणून त्यानं ते सोडून टाकले आणि चांगला दोर वाया कशाला घालवा म्हणून आमच्या काठावर नावेचं सामान ठेवायचं खोपट होतं त्याच्यामागं कपडे वाळत घालायला बांधले. काठाला लागल्यावर आम्ही सगळे खोपटामागं गेलो. दोन वर्षं ऊनपाऊस खाऊन काळा पडलेला दोर, आणि त्याच्यावर आबांचंच धोतर वाळत होतं. तांडेल आधी हसला की आबा, आठवत नाही. मी मात्र पोट धरून खाली बसले. सहा दिवस जिवाला घोर लावला, आणि उत्तर धोतराखाली!

निकाल लागला. पास झाले, काठावर, पण झाले. दादानं बिजवराला निरोप धाडला. मृग लागायच्या सुमाराला मार्गासनीच्या शाळेचा कागद आला.

काल मीनलचा मराठीचा पेपर झाला. सकाळी सुनंदा तिच्यामागं शाळेच्या फाटकापर्यंत जायला निघाली होती, एका हातात दह्याची वाटी, दुसऱ्यात पाण्याची बाटली. मी तिचा पदर धरला. म्हटलं, "बस हितं. ती जाते." सुनंदा बसली, पण तीन तास बूड काही टेकेना तिचं. दुपारी मीनल आली, दप्तर फेकलं. "आलं होतं गं आत्याआजी! जीव भांड्यात पडणे!" आणि कार्टीनं लिहिलं काय? 'शिडाची नाव काठाला लागली आणि आजीचा जीव वागरीत पडला.' मास्तरीण म्हणून मी तिचा तो गुण कापला असता. सुनंदा माझ्याकडं डोळे वटारून बघत होती. मी गपचूप दुधाचा पेला उचलून पिऊन टाकला.

तर तेव्हा शाळेचा कागद आला आणि माझा निघायचा दिवस उजाडला. मार्गासनीला डोंगरावरून जवळ पडतं, पण ट्रंक घेऊन डोंगर कोण चढणार? म्हणून नावेनं भाटघर आणि पुढं बैलगाडीनं जायचं ठरलं. तांडेल त्या दिवशी मुद्दाम नावेत चढला नाही. काठावर दादा. त्याला राहवेना. "आबा, रोज घरी यायची बोली हुती."

"बोली परीक्षेपुरती."

"येकली बाई परगावात ऱ्हानार. लोक काय म्हनतील? आबानं पोर सोडून दिली म्हनतील."

आबा शीड चढवत होते. दोन्ही अंगांचे दोर त्यांनी एकदा ओढून बघितले. मग म्हणाले, "सोडली की. म्याच सोडली. सोडली म्हंजी टाकली न्हवं." आणि दादाकडं न बघता माझी ट्रंक वाकाच्या दोरानं बांधली. गाठ इतकी चांगली होती की मार्गासनीत मला ती चाकूनं कापावी लागली. तो दोर मात्र मी पुष्कळ वर्षं ठेवला.

भाटघरला गाडीवान ताटकळला होता. मी चढेना. पाण्याकडं बघत उभी राहिले. आबा परत चालले होते, एकटे, आणि पश्चिमेकडं ढग भरून वारा उठला होता. नाव कलली, पळायला लागली. सुकाण्यावर मी नव्हते. एवढ्या लांबून ओरडून उपयोग नव्हता. एवढंसं पांढरं शीड पलीकडच्या काठाशी गेलं, जिथं आंब्याचं खोड होतं तिथं, आणि माझ्या मुठी आवळल्या.

मग ते शीड वाऱ्याकडं वळलं, एकदा थरथरलं आणि एका दमात सरळ खाली आलं. काठ नुसता हिरवा-काळा राहिला.

मी मुठी सोडल्या आणि गाडीवानाला म्हटलं, "चला."